तिसऱ्या चाकाचा आधार : उतारवयातील मोटारसायकलस्वारांसाठी

मोटारसायकल चालविण्याची सवय एकदा अंगवळणी पडली की ती सहजासहजी सुटत नाही. तरुणपणी नोकरी-धंद्यासाठी घेतलेली गाडी निवृत्तीनंतर निराळ्याच कारणाने हवीशी वाटू लागते. कोणाची वाट न पाहता, कोणाला ‘मला तेवढे सोडशील का’ असे न विचारता घराबाहेर पडता येणे, ही गोष्ट उतारवयात फार मोलाची ठरते. तथापि नेमक्या याच वयात गुडघे कुरकुरू लागतात, कंबर साथ देत नाही आणि सिग्नलपाशी थांबताना पाय नीट टेकेल की नाही, अशी शंका मनात डोकावू लागते. गाडी विकावी की चालवत राहावे, या प्रश्नावर घरोघरी मुले आणि वडील यांच्यात वाद झडतात.

अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील अनेक स्वारांनी या प्रश्नावर मधला मार्ग शोधला आहे. तो म्हणजे तीनचाकी मोटारसायकल, तिकडच्या भाषेत ‘ट्राइक’. तेथील मोटारसायकलस्वारांची पिढीच वयाने पुढे सरकली आहे. अमेरिकेतील मोटारसायकल उद्योगाच्या संघटनेने केलेल्या पाहण्यांनुसार तेथील मोटारसायकलमालकांचे मध्यक वय १९९० मध्ये ३२ वर्षे होते; २०१८ मध्ये ते ५० वर्षांवर गेले. साहजिकच वाहन उत्पादकांनीही या वर्गाकडे लक्ष वळविले. आपल्याकडे अशा मोठ्या तीनचाकी फारशा दिसत नाहीत. पण स्कूटरला दोन बाजूंनी जादा चाके बसवून घेणारे ज्येष्ठ नागरिक शहरांतून दिसतात. दोन्हींमागील गरज एकच आहे आणि दोन्हींतील धोकेही बरेचसे सारखे आहेत.

तिसरे चाक एका अडचणीचे पूर्ण निवारण करते, काही अडचणींना स्पर्शही करीत नाही आणि एक-दोन नव्या अडचणी निर्माण करते. कोणती अडचण कोणत्या गटात मोडते, हे ओळखल्याशिवाय घेतलेला निर्णय महागात पडू शकतो.

गाडी पडते ती थांबताना

दुचाकी वेगात असताना स्वाराला तिचा तोल सांभाळण्यासाठी शक्ती खर्च करावी लागत नाही. चाकांची गती, पुढच्या चाकाची रचना आणि हँडलच्या बारीक हालचाली यांमुळे गाडी बरीचशी स्वतःच सावरते. अडचण येते ती वेग अगदी कमी झाल्यावर. सिग्नलला थांबताना, उतारावर गाडी वळवून घेताना, वाहनतळावरून मागे ढकलताना किंवा वाळूवर पाय टेकताना गाडीचे सर्व वजन स्वाराच्या पायांवर आणि कमरेवर येते.

हे वजन किती असते, याचा साधा हिशेब करता येतो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि हँडल एक मीटर उंचीवर आहे असे धरू. २०० किलोची मोटारसायकल उभ्या स्थितीतून १० अंश कलली, तर तिला हँडलपाशी धरून ठेवण्यासाठी सुमारे १७ किलोचा जोर लावावा लागतो. २० अंश कलली तर ३४ किलोचा. लांबच्या प्रवासाच्या ३६० किलोच्या गाडीसाठी हेच आकडे अनुक्रमे ३१ आणि ६२ किलो होतात. म्हणजे पहिल्या क्षणी सावरली नाही, तर गाडी पुढे सावरण्यापलीकडे जाते. तरुणपणी तो क्षण सहज साधतो. गुडघ्याची झीज, खुब्याची शस्त्रक्रिया, पाठीचे दुखणे किंवा स्नायूंची घटलेली ताकद यांमुळे नंतर तो निसटू लागतो. हाडे ठिसूळ झालेल्या माणसाला गाडी जागेवर अंगावर पडणे हीदेखील गंभीर दुखापत ठरू शकते.

ही विशिष्ट अडचण तिसरे चाक दूर करते. न कलणारी तीनचाकी थांबली की उभी राहते. पाय टेकावा लागत नाही, स्टँड लावावा लागत नाही आणि मागे बसणाऱ्यालाही सावकाश चढता-उतरता येते. अनेक मोठ्या ट्राइकना रिव्हर्स गिअर असतो. त्यामुळे गाडी मागे ढकलण्याचे कष्टही वाचतात.

जुनी कल्पना, नवा ग्राहक

तीन चाकांची कल्पना नवी नाही. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये ज्या मोटारीचे पेटंट घेतले, तिलाही तीनच चाके होती. मोटारसायकलींच्या जगात हार्ले-डेव्हिडसन कंपनीची ‘सर्वी-कार’ ही १९३२ ते १९७३ अशी चार दशके तयार होत राहिली. गॅरेजच्या कारागिराने ती घेऊन ग्राहकाकडे जायचे, ग्राहकाच्या मोटारीमागे ती जोडून मोटार गॅरेजला आणायची आणि दुरुस्तीनंतर त्याच पद्धतीने परत पोहोचवायची, असा तिचा मूळ उपयोग होता. पुढे अमेरिकेतील पोलीस दलांनी रस्त्यावर उभ्या केलेल्या वाहनांवर देखरेख ठेवण्यासाठी ती वर्षानुवर्षे वापरली. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या लष्करी मोटारसायकलींना मागे प्रवासी सांगाडा जोडून दिल्लीत धावणारी ‘फटफटी’ याच कुळातली. या सर्व गाड्यांमागे सोय आणि व्यवसाय होता. स्वाराच्या वयाचा विचार नव्हता.

तो विचार पुढे आला तो लांबच्या प्रवासाच्या जड गाड्या वापरणारी पिढी म्हातारी होऊ लागल्यावर. होंडाच्या ‘गोल्ड विंग’सारख्या गाड्यांचे मागचे एक चाक काढून तेथे दोन चाकांचा अख्खा धुरा बसवून देणारे व्यवसाय अमेरिकेत उभे राहिले. हार्ले-डेव्हिडसनने अशाच एका कंपनीच्या, लेहमन ट्राइक्सच्या, सहकार्याने २००९ च्या मालिकेत ‘ट्राय ग्लाइड अल्ट्रा क्लासिक’ ही तीनचाकी बाजारात आणली. ‘सर्वी-कार’नंतरची त्या कंपनीची ही पहिली तीनचाकी होय. त्याआधी, २००७ मध्ये, कॅनडातील बीआरपी कंपनीने ‘कॅन-अ‍ॅम स्पायडर’ सादर केली होती. तिची रचना उलट होती. पुढे दोन चाके आणि मागे एक. इटलीच्या पियाजिओने २००६ मध्ये ‘एमपी-३’ ही स्कूटर आणली. तिची पुढची दोन चाके वळणावर गाडीसह कलतात. यामाहाने हीच दिशा धरून २०१४ मध्ये ‘ट्रायसिटी’ आणि २०१८ मध्ये ‘निकेन’ ही मोठी मोटारसायकल काढली.

तीन प्रकार, तीन स्वभाव

वरील इतिहासातून तीन प्रकार स्पष्ट होतात. पहिला प्रकार पुढे एक आणि मागे दोन चाके असलेल्या गाड्यांचा. आपली ऑटोरिक्षा याच मांडणीची. यात सामान ठेवायला भरपूर जागा मिळते, मागे बसणाऱ्याची बैठक प्रशस्त असते आणि दिसायला गाडी मोटारसायकलीसारखीच राहते. दुसरा प्रकार पुढे दोन आणि मागे एक चाक असलेल्या, परंतु न कलणाऱ्या गाड्यांचा. ‘स्पायडर’ हे त्याचे उदाहरण. तिसरा प्रकार कलणाऱ्या तीनचाकींचा.

तिसऱ्या प्रकाराविषयी ज्येष्ठ ग्राहकांचा हमखास गैरसमज होतो. तीन चाके आहेत म्हणजे गाडी आपोआप उभी राहील, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात कलणारी तीनचाकी थांबल्यावर दुचाकीप्रमाणेच बाजूला पडू शकते. ‘एमपी-३’मध्ये पुढच्या चाकांची कलण्याची यंत्रणा थांबताना बटणाने जखडता येते आणि मग पाय न टेकता थांबता येते, पण ते बटण वेळेवर दाबावे लागते. ‘निकेन’मध्ये तशी जखडण्याची सोयच नाही, थांबताना पाय टेकणे भागच असते. कलणाऱ्या गाड्यांचा खरा फायदा पुढच्या दोन चाकांच्या पकडीत आहे. ओला रस्ता, रेती, रुळांचे खाच किंवा तेलाचा डाग यांवर पुढचे एक चाक घसरले तरी दुसरे धरून ठेवण्याची शक्यता असते. ज्याचे पाय अद्याप भक्कम आहेत, परंतु घसरण्याची भीती वाटते, त्याला हा प्रकार उपयोगी. ज्याचे गुडघेच साथ देत नाहीत, त्याने मात्र थांबल्यावर गाडी उभी कशी राहते, हा प्रश्न सर्वप्रथम विचारावा.

हात जुने वळण सोडत नाहीत

दुचाकीवरून न कलणाऱ्या तीनचाकीवर येणाऱ्या अनुभवी स्वाराची सर्वांत मोठी अडचण त्याचा अनुभव हीच असते. साधारण २०-२५ किलोमीटरच्या पुढे दुचाकी वळविण्याची क्रिया विचित्र आहे. उजवीकडे वळायचे असेल तर हँडलची उजवी बाजू किंचित पुढे ढकलली जाते. त्यामुळे पुढचे चाक क्षणभर डावीकडे वळते, गाडी उजवीकडे कलते आणि मग उजवीकडे वळते. बहुतेक स्वारांना आपण असे करतो याची जाणीवही नसते. चाळीस वर्षांत ही क्रिया श्वासोच्छ्वासाइतकी नकळत होऊ लागलेली असते.

न कलणाऱ्या तीनचाकीत हा सगळा प्रकार उलटा होतो. तेथे चाक ज्या दिशेला वळवाल त्याच दिशेला गाडी जाते. उजवीकडे वळण्यासाठी उजवा हात मागे ओढायचा आणि डावा पुढे ढकलायचा. उजवा हात पुढे ढकलला तर गाडी सरळ डावीकडे जाते. वर्षानुवर्षे स्कूटर चालविलेला माणूस प्रथमच रिक्षाच्या हँडलवर बसला, की पहिल्या वळणावर गांगरतो तो याच कारणाने.

मोकळ्या मैदानावर अर्ध्या तासात नवी पद्धत जमते आणि तेथेच फसगत होते. शांतपणे चालविताना मन जागे असते आणि हात नवा नियम पाळतात. अचानक कुत्रे आडवे आले, समोरच्या मोटारीचे दार उघडले किंवा घाटातले वळण अपेक्षेपेक्षा तीव्र निघाले, की हात मनाला न विचारता चाळीस वर्षांपूर्वीचे वळण गिरवतात. गाडी चुकवायच्या दिशेऐवजी नेमकी विरुद्ध दिशेला जाते. म्हणूनच ज्याने कधी दुचाकी चालविलीच नाही, त्याला तीनचाकी शिकणे काही बाबतींत सोपे जाते. अनुभवी स्वाराला आधी विसरावे लागते आणि मग शिकावे लागते. त्यात सावकाश वळणे पुरेशी नसतात; रिकाम्या जागेत अडथळा चुकविण्याचा आणि जोरात ब्रेक लावण्याचा सराव पुन्हापुन्हा करावा लागतो. आठवड्यातून काही दिवस दुचाकी आणि काही दिवस तीनचाकी, असा मिश्र वापर तर निदान सुरुवातीच्या काळात टाळावाच. कलणाऱ्या तीनचाकींत मात्र ही अडचण नाही. त्या दुचाकीच्याच पद्धतीने वळतात.

पायांची सवयही अशीच. थांबताना पाय खाली टेकविण्याची ऊर्मी दीर्घकाळ टिकते. मागे दोन रुंद चाके असलेल्या गाडीत, ती पूर्ण थांबण्याआधी टेकविलेला पाय मागच्या चाकाखाली सापडू शकतो. पाय पायपट्टीवरच ठेवायचे, हा नवा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो.

वळणाचे गणित

दुचाकी वळणावर आत झुकते आणि बाहेर फेकणाऱ्या जोराला तोंड देते. न कलणारी तीनचाकी ताठच राहते. त्यामुळे तो जोर स्वाराच्या अंगावर येतो. त्याला हँडल घट्ट धरून आणि शरीर आतल्या बाजूला नेऊन बसावे लागते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर २० किलोमीटर वेगाने जाताना तो वजनाच्या सुमारे एक-षष्ठांश असतो. तेच वळण ४० च्या वेगाने घेतले तर तो चौपट, म्हणजे वजनाच्या सहा-दशांशाहून अधिक होतो. दुचाकीवर जो वेग सहज वाटत असे, त्याच वेगाला ताठ तीनचाकीचे आतले चाक उचलले जाऊ शकते.

यात चाकांच्या मांडणीचाही फरक पडतो. पुढे एकच चाक असलेल्या गाडीत वळणावर जोरात ब्रेक लावला की भार त्या एकट्या चाकाच्या दिशेने पुढे आणि बाहेर सरकतो. तीन चाके जोडून जमिनीवर जो त्रिकोण होतो, त्याचे टोक तेथेच असल्यामुळे आधार कमी पडतो आणि गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. पुढे दोन चाके असलेल्या गाडीत ब्रेक लावताना भार त्रिकोणाच्या रुंद बाजूकडे जातो. म्हणून ती त्या क्षणी अधिक स्थिर राहते. ‘स्पायडर’मध्ये तिन्ही चाकांना एकाच पायपट्टीने ब्रेक लागतो. शिवाय चाक उचलले जाण्याची चिन्हे दिसताच ब्रेक आणि इंजिनची शक्ती आपोआप नियंत्रित करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तिच्यात बसविलेली आहे. तरीही मांडणी कोणतीही असो, नियम एकच : वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा, वळणात नव्हे.

काय मिळते, काय जाते

स्थैर्य मिळते, हा मोठा लाभ. परंतु त्याची किंमतही ध्यानात घ्यावी. मूळ दुचाकीला धुरा जोडून केलेल्या तीनचाकीचे हँडल बरेचदा जड होते. कारण पुढच्या चाकाची मूळ रचना कलणाऱ्या गाडीसाठी केलेली असते. गुडघ्यांचा भार हलका होतो. पण तो काही अंशी खांदे, कोपर आणि मनगटांकडे जातो. ज्याला गुडघेदुखीबरोबर खांद्याचाही त्रास आहे, त्याने हे विसरता कामा नये. चांगल्या रूपांतरात पुढच्या चाकाचा कोन बदलून हँडल हलके केले जाते. ‘स्पायडर’सारख्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंग असते.

दुसरी गोष्ट रस्त्याची. दुचाकीला खड्डा चुकविण्यासाठी एका रेषेचा विचार करावा लागतो. तीनचाकीला तीन रेषांचा. दोन चाकांमधून खड्डा सोडावा तर मधले चाक त्यात जाते. रस्ता एका बाजूला उतरता असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. कोंडीत दोन मोटारींच्या फटीतून पुढे सरकण्याची मुभा संपते. दुचाकीची रुंदी हातांना माहीत असते. मागच्या चाकांची रुंदी स्वाराला दिसत नसल्यामुळे दुभाजक, पदपथाचा कठडा किंवा फाटकाचा खांब यांना ती चाके घासण्याचे प्रसंग सुरुवातीला येतात. मोठ्या ट्राइकचे वजन मूळ मोटारसायकलीपेक्षा बरेच अधिक असते. ‘ट्राय ग्लाइड’चे वजन साडेपाचशे किलोच्या आसपास आहे. ती पडणार नाही. पण चढावर बंद पडली तर हाताने ढकलण्याची आशाही धरू नये. उतारावर उभी करताना हँडब्रेक लावणे विसरले, तर ती आपली आपण चालू लागेल.

जे तिसरे चाक देऊ शकत नाही

वार्धक्याचा परिणाम केवळ पायांवर होत नाही. मोतीबिंदूमुळे समोरच्या दिव्यांचा झगमगाट डोळ्यांवर येतो, संध्याकाळच्या उजेडात अंतराचा अंदाज चुकतो, मान वळवून मागे पाहणे कठीण होते आणि धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतचा वेळ वाढतो. ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर कापते. प्रतिसादाला केवळ अर्धा सेकंद अधिक लागला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच ती सात मीटर पुढे गेलेली असते. तीन चाकांमुळे या सात मीटरांत काहीही फरक पडत नाही.

औषधांचेही तसेच. सर्दी-खाजेवरील काही गोळ्या, झोपेची औषधे, रक्तदाबावरील काही औषधे यांमुळे गुंगी किंवा चक्कर येऊ शकते. मधुमेहावरील काही औषधांनी साखर अचानक उतरण्याचा संभव असतो. अशा वेळी स्थिर गाडी उलट फसवी ठरते. दुचाकीवर तोल डळमळला की स्वार सावध होतो आणि थांबतो. तीनचाकी ती सूचना देत नाही.

म्हणून निर्णयापूर्वी स्वतःला नेमके काय जड जाते, हे तपासणे अगत्याचे. थांबताना पाय लटपटतात, गाडी मेन स्टँडवर घेता येत नाही, मागे ढकलताना दम लागतो, अशा तक्रारी असतील तर तिसऱ्या चाकाचा उपयोग होईल. परंतु हॉर्न ऐकू न येणे, सिग्नल उशिरा लक्षात येणे, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणे, लहानसहान धडका वारंवार होणे या खुणा असतील, तर त्यावर चाकांची संख्या वाढविणे हा उपाय नव्हे. तेथे डोळ्यांची, कानांची आणि औषधांची तपासणी प्रथम आणि गाडीचा विचार नंतर.

परवाना आणि प्रशिक्षण

परदेशांत या वाहनांचे कायदे एकसारखे नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात तीनचाकी मोटारसायकल मोटारीच्या परवान्यावर चालविता येते. वॉशिंग्टन राज्यात मात्र परवान्यावर तीनचाकीची स्वतंत्र नोंद लागते. युरोपीय संघाच्या नियमांत एक मजेशीर सीमारेषा आहे. एकाच धुऱ्यावरील दोन चाकांमधील अंतर ४६० मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर ती दोन चाके एकच मानली जातात आणि वाहन दुचाकी ठरते. ‘एमपी-३’ची अधिक रुंद आवृत्ती निघाली ती ही रेषा ओलांडून मोटारीच्या परवानाधारकांना चालविता यावी म्हणून. फ्रान्सने पुढे, २०११ पासून, मोटारीच्या परवान्यावर अशी वाहने चालवू इच्छिणाऱ्यांसाठी सात तासांचे प्रशिक्षण बंधनकारक केले. अमेरिकेतील मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशन ही संस्था तीनचाकीसाठी वेगळा अभ्यासक्रम चालविते. कायदा काहीही म्हणो, दुचाकीचे कौशल्य तीनचाकीला पुरत नाही, हे तेथील प्रशिक्षकांनी मान्य केले आहे, असा याचा अर्थ.

आपल्याकडील जोडचाके

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. पूर्वी स्कूटरला डाव्या बाजूस साइडकार जोडून सहकुटुंब फिरणारे लोक होते. आता गिअर नसलेल्या स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लहान चाके बसवून घेतली जातात. मुळात ही सोय अपंग व्यक्तींसाठी असून तिने असंख्य लोकांना स्वावलंबन दिले आहे. तिचाच वापर ज्येष्ठही करू लागले आहेत. सुमारे १९५ किलोची बुलेट सोडून ११० किलोच्या आतील स्कूटर घेणे, हीच अनेकांसाठी पहिली आणि पुरेशी पायरी असू शकते. ती पुरेनाशी झाली की मग जोडचाकांचा विचार येतो.

जोडचाकांची स्कूटर वळताना कलत नाही. म्हणजे हातांच्या जुन्या सवयीचा आणि वळणावरील वेगाचा वर सांगितलेला सर्व धोका तिलाही लागू पडतो. त्यात आणखी भर पडते. बाजूच्या चाकांना बहुतेक वेळा स्वतंत्र ब्रेक नसतो. उंचसखल जागी दोन्ही बाजूची चाके उंचवट्यावर आणि मधले चाक खोलगट भागात आले, तर इंजिनची शक्ती मिळणारे मधले चाकच अधांतरी फिरत राहते. जोडणी कच्ची असेल, चाके समान उंचीवर नसतील किंवा त्यांना शॉक अ‍ॅब्सॉर्बर नसतील, तर गाडी एका बाजूला ओढते. त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून कोठूनही काम करून घेणे योग्य नाही.

कायद्याची बाजूही महत्त्वाची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. शारीरिक दोष किंवा अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी वाहनात बदल करण्याची मुभा नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने मिळते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा वाहनाला ‘अनुकूलित वाहन’ या अर्थाची संज्ञा कायद्यात आली. केवळ वय झाले, म्हणून ही तरतूद आपोआप लागू होत नाही. म्हणून चाके बसविण्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी, वैद्यकीय प्रमाणपत्र लागते का ते पाहावे, नोंदणी प्रमाणपत्रात बदलाची नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. नोंद नसलेला बदल असताना अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यात अडथळा येऊ शकतो आणि त्याची झळ स्वाराबरोबर समोरच्यालाही बसते.

परवान्याच्या मुदतीकडेही लक्ष हवे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार खासगी वाहनाचा परवाना वयाच्या ५५ वर्षांनंतर दर वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो. चाळिशीनंतर नूतनीकरणासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. हे प्रमाणपत्र पुष्कळदा औपचारिकता म्हणून घेतले जाते. दर पाच वर्षांनी येणारी ही संधी दृष्टी, श्रवण, सांधे आणि औषधे यांच्या खऱ्या तपासणीसाठी वापरली, तर घरातील अर्धे वाद आपोआप मिटतील. हेल्मेट मात्र तीन चाकांवरही सोडू नये. डोके आपटण्याचा धोका चाकांच्या संख्येने नाहीसा होत नाही.

निर्णय घेताना

गाडी घेण्यापूर्वी किंवा चाके बसविण्यापूर्वी तशीच गाडी मोकळ्या जागेत निदान काही तास चालवून पाहावी. तीत आठच्या आकड्याची वळणे, दोन्ही बाजूंना अडथळा चुकविणे, सरळ रेषेत जोराचा ब्रेक, चढावर थांबून पुन्हा निघणे आणि गतिरोधक ओलांडणे यांचा समावेश असावा. मागे पत्नी, नातवंड किंवा अन्य कोणी बसणार असेल, तर तेवढे वजन घेऊनही चाचणी करावी. कारण मागचा भार वळणावरील वागणूक बदलतो. हँडल ओढून खांदे भरून येत असतील, तर ती गाडी आपल्यासाठी नव्हे. पहिले काही महिने रात्र, पाऊस, घाट आणि गर्दीची वेळ टाळावी.

कुटुंबीयांनीही प्रश्न ‘चालवायची की नाही’ इतक्यावर आणून ठेवू नये. भारी गाडीकडून हलक्या गाडीकडे, लांबच्या फेऱ्यांकडून जवळच्या फेऱ्यांकडे, दुचाकीकडून तीनचाकीकडे अशा अनेक पायऱ्या मध्ये आहेत. वडिलांची किल्ली लपवून ठेवण्यापेक्षा त्यांच्यासोबत मैदानावर जाऊन एक सकाळ घालविणे अधिक उपयोगाचे ठरते. तेथे गाडी कशी वळते, ब्रेक कधी लागतो, हे दोघांनाही दिसते आणि मतभेदाची जागा प्रत्यक्ष अनुभव घेतो. पायाने साथ सोडली तरी डोळे, कान आणि भान शाबूत असलेल्या माणसाला तिसरे चाक आणखी काही वर्षे निश्चितच देऊ शकते. ती वर्षे सुखरूप जावीत यासाठी जुने हात नव्याने शिकायला तयार हवेत आणि थांबण्याची वेळ आली, तर ती ओळखण्याची तयारीही हवी.